आठवण कशी राहते आणि का जाते?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



विषय संस्थेच्या चिटणीसांनी माझ्यावर सोपविला होता. उभी हयात शिक्षकी पेशात गेली. या काळात पालकांच्या तोंडून जे वाक्य मी सर्वांत अधिक वेळा ऐकले त्यावरच बोलावे असे ठरविले. ते वाक्य असे : "सर, इसको याद ही नहीं रहता." मुलगा शेजारी खाली मान घालून उभा असतो. मुलाला जन्मतः एक बोट कमी आहे असे सांगावे, तसे बाप हे सांगतो. यावर इलाज नाही हे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असते, आणि पुढचे वाक्यही तयार असते : "गॅरेज पे लगा देता हूँ."

या पहिल्या वाक्यात तथ्य किती, हे आज आपण पाहू.

प्रथम एक छोटा प्रयोग. मी सोळा आकडे म्हणतो, ते एकदाच ऐका. (वाचकांनी एकदाच वाचावेत.) १ ५ ० ८ १ ९ ४ ७ ० १ ० ५ १ ९ ८ १. आता मनातल्या मनात म्हणून पाहा. बहुतेकांची गाडी सहा-सात आकड्यांवर अडली असेल. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली असे मांडले की, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त. पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारच्या आसपास खाली आणला. हुशार आणि मठ्ठ म्हणून आपण जे भेद करतो, ते या बाबतीत फार मोठे नसतात.

आता तेच आकडे असे ऐका : १५-०८-१९४७ आणि ०१-०५-१९८१. पहिला आपला स्वातंत्र्यदिन. दुसरी तारीख, तेव्हाच्या औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके घेऊन आपला जालना जिल्हा अस्तित्वात आला तो दिवस. आता सोळाही आकडे कोणीही म्हणून दाखवील. मनाची ओंजळ तेवढीच राहिली, पण सुटे दाणे धरण्याऐवजी दोन लाडू धरले. लाडू वळता आले, कारण त्या तारखा तुम्हांला आधीपासून ठाऊक होत्या. ज्याच्यापाशी आधीचे काही आहे त्याला नवे लवकर पाठ होते. ज्याच्यापाशी नाही त्याला सुटा दाणा न् दाणा सांभाळावा लागतो.

हे मला माझ्या नोकरीच्या ऐन उमेदीत ठाऊक असते तर बरे झाले असते. १९८० नंतरच्या वर्षांत मी जिल्ह्यातील एका शाळेत पाचवीला विज्ञान शिकवीत असे. वर्ग मराठी माध्यमाचा. उर्दू प्राथमिक शाळेतून चौथी करून आलेला एक मुलगा त्यात होता. "बाष्पीभवन म्हणजे काय?" असे विचारले की तो "पाण्याचे..." एवढे म्हणून थांबे. उद्या पाठ करून ये म्हटले की उद्याही तेच. त्याला बाकावर उभे केल्याचे मला आठवते. त्याच्या वडिलांना बोलावून, मुलाची स्मरणशक्ती कमजोर आहे, असे मीच सांगितले. पुढे रमजानमध्ये मशिदीतील मौलवीसाहेबांकडून सहज कळले की हा मुलगा हिफ्ज करतो आणि त्याचे आठ पारे पक्के झाले आहेत. कुरआन शरीफचे एकूण पारे तीस. म्हणजे ज्याला चार ओळींची व्याख्या राहत नाही असा माझा शेरा होता, त्याने एका मोठ्या ग्रंथाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग जेर-जबरसह तोंडपाठ केला होता!

मी चकित झालो, पण शहाणा झालो नाही. ती गोष्ट वेगळी, असे म्हणून मी सोडून दिले. आज सांगतो, दोष कोठे होता. त्याच्या घरची बोली दखनी, आधीची शाळा उर्दू. 'बाष्पीभवन' हा शब्द त्याला अक्षर अक्षर जुळवून वाचावा लागे, आणि तो जुळेपर्यंत वाक्याची सुरुवात ओंजळीतून गळून जाई. उर्दूत ज्याला तबखीर म्हणतात तेच हे, आणि तापलेल्या तव्यावर शिंपडलेले पाणी उडते तेही हेच, एवढे मी दोन मिनिटे बसून सांगितले असते तर त्याचा लाडू वळला गेला असता. मुलाच्या स्मरणशक्तीत काही बिघाड नव्हता. सातवीत त्याने शाळा सोडली. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता ओंजळीतले कोठारात कसे जाते ते पाहू. याचा शोध एका दुर्दैवी माणसामुळे लागला. अमेरिकेतील हेन्री मोलेसन याला लहानपणापासून फिट येत. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतील, काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव होता. (आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव.) फिट पुष्कळ कमी झाल्या, पण त्या दिवसापासून हेन्रीला नवी आठवण राहीना. बोलणे शाबूत, बुद्धी शाबूत, बालपण आठवे. पण डॉक्टरीणबाई खोलीबाहेर जाऊन परत आल्या की त्यांची नव्याने ओळख करून द्यावी लागे. ब्रेंडा मिलनर या विदुषींनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्यास सांगितले. हे काम कोणालाही प्रथम जमत नाही. तीन दिवसांत हेन्रीचा हात चांगला बसला, परंतु दरवेळी तो म्हणे की हे काम मी पूर्वी कधी केलेलेच नाही! २००८ साली तो वारला, तोपर्यंत शास्त्राने त्याच्यापासून दोन गोष्टी शिकून घेतल्या. नवी घटना, नवा धडा कोठारात जाण्याची वाट हिप्पोकॅम्पसमधून जाते. आणि हाताला वळण लागते, सायकल चालविता येते, शिलाई येते, ती आठवण दुसऱ्या वाटेने जाते.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि प्रत्येकीचे हजारो सांधे इतरांशी जोडलेले असतात. एरिक कँडेल यांनी समुद्रातील एका गोगलगाईवर प्रयोग करून दाखविले की, थोड्या वेळाच्या आठवणीत असलेले सांधे तेवढ्यापुरते बळकट होतात; टिकाऊ आठवणीत मात्र नवे सांधे अक्षरशः उगवतात. त्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. उगवण्याला वेळ लागतो. बियाण्यांसाठी नाव असलेल्या आपल्या जालन्यात हे अधिक फोड करून सांगायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री पोतेभर पाणी ओतून पीक येत नसते.

आणि झोप हवी. कोठारातली मांडणी पुष्कळशी झोपेत होते. १९२४ साली अमेरिकेत जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी केलेल्या प्रयोगात, पाठ केल्यावर जागे राहिलेल्यांपेक्षा झोपलेल्यांना तेवढ्याच तासांनी अधिक आठवले. नंतरच्या संशोधनाने त्याला दुजोराच दिला. मुले रात्री दोनपर्यंत जागतात याचे कौतुक करू नका. त्यांतली काही पुस्तकासाठी जागतात, बाकीची मोबाईलसाठी. नुकसान दोघांचेही होते.

आता विसरण्याविषयी. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी या विषयाचे पहिले मोजमाप केले, तेही स्वतःवर. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या ते पाठ करीत, काही काळ जाऊ देत आणि पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते पाहत. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचले, एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि तब्बल ३१ दिवसांनी २१ टक्के. हे आकडे नीट पाहा. निम्म्याहून अधिक गळती पहिल्या तासातच झाली; उलट एक दिवस ते एक महिना या अवधीत फक्त १३ टक्के गेले. अर्थ असलेला मजकूर याहून पुष्कळ टिकतो, पण उताराचे वळण तसेच असते. तेव्हा "काल तर पाठ होते, आज गेले" हे ऐकून मुलाच्या पाठीत धपाटा घालू नये. काल पाठ झालेले आज जाणे हाच निसर्गाचा क्रम आहे. पूर्णपणे गेले असे वाटते तेव्हाही थोडे शिल्लक असते, म्हणून दुसऱ्या खेपेस मेहनत कमी लागते.

शिवाय सगळेच काही विसरण्यातून जात नाही. काही मुळी आत गेलेलेच नसते, कारण लक्ष दुसरीकडे होते. काही सारख्या वस्तूंच्या गर्दीत हरवते : सकाळी एक व्याख्या, लगेच तिच्यासारखी दुसरी, मग दोन्हींची खिचडी. काही आत असते, पण धागा सापडत नाही. स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आलो ते आठवत नाही, आणि माघारी ओट्यावर आलो की आठवते, हा अनुभव कोणाला नाही? आणि विसरणे हे काही निव्वळ दुर्दैव नव्हे. रशियात शेरेशेव्हस्की नावाचा माणूस होता. लूरिया या शास्त्रज्ञांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले. त्याला ऐकलेल्या याद्या वर्षानुवर्षांनीही जशाच्या तशा आठवत. पण माणसांचे चेहरे ओळखणे त्याला जड जाई, कारण चेहऱ्यावरचा प्रत्येक बदल त्याच्या लेखी वेगळा होता. चाळणीला भोके नसतील तर पीठ चाळले जात नाही.

मग टिकवावे कसे? याचे उत्तर आपल्या मोहल्ल्यातच आहे, आणि मला ते इंग्रजी पुस्तकात वाचावे लागले, ही माझी कहाणी. हिफ्जचे वर्ग कसे चालतात ते पालकांना ठाऊक आहेच, तरी वेगळ्या नजरेने पाहू. मुलगा रोज तीन गोष्टी सुनावतो. आजचा नवा भाग, तो सबक. गेल्या काही दिवसांत झालेला भाग, तो सबक पारा. आणि पूर्वी पक्का झालेला जुना भाग, तो आमोख्ता. हा क्रमाने फिरत राहतो. म्हणजे नवे रोज, ताजे वरचेवर, जुने काही दिवसांच्या अंतराने. एबिंगहाउसचा उतार जेथे सर्वांत तीव्र तेथे सर्वांत जास्त राखण! दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मुलगा सुनावतो तेव्हा किताब त्याच्यासमोर उघडी नसते, उस्तादाच्या लक्षात असते. अडखळला तर एखादा शब्द मिळतो, पुढचे त्यानेच बाहेर काढायचे. तरावीहमध्ये मोठा हाफिजसुद्धा एकटा नसतो. मागे दुसरा हाफिज ऐकत उभा असतो आणि चूक झाली की लुकमा देतो. जन्मभर पाठ असलेल्यालाही राखण लागते, हे या पद्धतीने आधीच धरून ठेवले आहे. हदीसमध्ये कुरआन पाठ असणाऱ्याला दावणीच्या उंटांच्या मालकाची उपमा दिली आहे : देखरेख ठेवली तर उंट राहतात, सोडले तर निघून जातात.

आता अमेरिकेत काय आढळले ते पाहा. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने घेतली तेव्हा उलट झाले : वाचणारे ४२ टक्के, आठवून लिहिणारे ५६. पुन्हापुन्हा वाचल्याने येत असल्याचा भास होतो. पुस्तक मिटून आठवल्याने खरोखर येते. धडा डोक्यात घालण्यापेक्षा डोक्यातून काढण्याचे कष्ट त्याला पक्का करतात.

आपल्या जुन्या शाळांतही हे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे संध्याकाळी रांगेत उभे राहून म्हणावे लागत. त्या शिदोरीवर मोंढ्यातले जुने आडते कागद न घेता मापाचा हिशेब करीत. आपण त्यातली घोकंपट्टी ठेवली आणि सुनावणे टाकून दिले.

येथे एक खबरदारी सांगतो, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास व्हायचा. कुरआन शरीफचा शब्द न् शब्द, क्रम न् क्रम तसाच राखायचा असतो. तेथे लय आणि तजवीद मदतीला असते. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न क्रमाने येत नाही आणि पुस्तकाच्या भाषेतही येत नाही. "ओले कपडे वाऱ्यावर लवकर का वाळतात?" असे विचारले तर पाठ केलेली व्याख्या तोंडात असूनही मुलगा गप्प बसतो. म्हणून पद्धत हिफ्जची घ्यावी, पण जे सुनवायचे ते स्वतःच्या शब्दांत सुनवावे.

माता-भगिनींना माझे मुद्दाम सांगणे आहे. आम्हांला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही मुलांचा अभ्यास काय घेणार, असे तुम्ही म्हणता. पण ऐकायला अक्षर कोठे लागते? भाकरी थापताना मुलीला म्हणा, दप्तर बंद कर आणि आज शाळेत काय झाले ते मला समजेल असे सांग. ती अडली तर अडू द्या, लगेच पुस्तक उघडू देऊ नका. दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारा, जुम्याला पुन्हा. ज्या शिकवणीला लोक हजारो रुपये देतात, तिच्यातला मोठा भाग तुमच्या चुलीपाशी फुकट होतो. अम्मीला समजेल असे सांगायचे म्हणजे मुलीला आधी स्वतःला समजावे लागते, हा वरचा नफा.

आता त्या मुलाकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी स्कूटर दुरुस्तीला जालन्यातील एका गॅरेजवर गेलो. मालकाने हात पुसत विचारले, "सर, पहचाने क्या?" मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले तेव्हा ओळखले. कोणत्या ट्रकला कोणत्या साली कोणता पार्ट बदलला, हे त्याची माणसे त्याला विचारीत होती आणि तो वही न पाहता सांगत होता. मग हसत हसतच म्हणाला की, एका पावसाच्या दिवशी तुम्ही मला छडीने हातावर मारले होते. तिसऱ्या बाकावर होतो, अंगात निळा बुशशर्ट होता. मला बाकावर उभे केल्याचे आठवत होते, छडीचे अजिबात आठवत नव्हते. मारणारा विसरला, खाणाऱ्याला शर्टाचा रंगही आठवत होता. भीती आणि अपमान मेंदूत फार खोल ठसा उमटवितात. त्यासाठी निराळा भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याच भीतीने त्या क्षणी उत्तराची वाट मात्र बंद होते. मी विचारले, बाष्पीभवनाची व्याख्या आता येते का? तो म्हणाला, नाही सर, फक्त छडी येते.

आता शास्त्र विचारील, की निळा शर्ट खराच निळा होता का? किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. त्या पहाटे आपण कोठे होतो, हे मराठवाड्यातील त्या वेळी जाणता असलेला प्रत्येक माणूस शपथेवर सांगेल. परंतु अशा शपथांचीही परीक्षा झाली आहे. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचे चॅलेंजर यान फुटले. दुसऱ्या दिवशी नायसर आणि हार्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कोठे व कशी कळली, ते लिहून घेतले. अडीच वर्षांनी पुन्हा विचारले तर पुष्कळांची हकिकत बदलली होती, आणि खात्री मात्र तशीच होती. प्रत्येक खेपेस आठवण काढताना आपण ती थोडी नव्याने बांधतो, आणि नव्या बांधकामात नव्या विटा येतात. म्हणून घरातल्या जुन्या भांडणात "मला पक्के आठवते" हा पुरावा मानू नये. पण त्या गॅरेजमध्ये मी शर्टाच्या रंगावर वाद घातला नाही. छडी खरी असणार. त्या काळी ती माझ्या टेबलावर असेच. मी त्याची माफी मागितली. त्याने चहा मागविला. त्याची मुलगी यंदा दहावीला आहे, तिचे विज्ञान कसे घ्यावे हे विचारण्यासाठी तो माझ्याकडे येऊन गेला.

माझे भाषण येथे संपले होते. परंतु नंतर एका भगिनीने सासूबाईंविषयी विचारले, ते छापण्यापूर्वी येथे जोडतो, कारण तसे प्रश्न अनेक घरांत आहेत. सासूबाई लहानपणच्या गोष्टी तपशिलाने सांगतात, पण दुपारी जेवण झाले की नाही हे विसरतात. घरातली मुले त्यावर हसतात. वाढत्या वयात एखादे नाव न आठवणे, चष्मा न सापडणे हे स्वाभाविक आहे. परंतु तेच तेच पुन्हा विचारणे, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, ही लक्षणे आजाराची असू शकतात. त्यांतला एक मोठा आजार अल्झायमर. तो सहसा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागापासून सुरू होतो, म्हणून नवे आधी जाते आणि जुने मागे राहते. तो बरा करणारे औषध अजून नाही. पण थायरॉईड कमी पडणे, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल उदासी यांनीही विसराळूपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून म्हातारपण म्हणून सोडून न देता एकदा डॉक्टरांना दाखवावे. त्या भगिनी म्हणाल्या, सासूबाई नमाजला अजून स्वतः उठतात, रुकू-सज्दा बरोबर करतात, फक्त रकात किती झाल्या ते विसरतात. तसेच होणार. शरीराचे वळण जुन्या वाटेने गेलेले आहे, मोजदाद मात्र दरवेळी नवी असते. सुनेने शेजारी नमाजला उभे राहावे, म्हणजे तेवढे सांभाळले जाईल.